कोरियाची ओहोटी

लवू नागवेकरला आजवर एकही मालिका आवडलेली नाही, आणि ही गोष्ट तो बक्षीस मिळाल्यासारखी सांगतो. साप्ताहिक 'दर्याकाठ'च्या शेवटच्या पानावर दर शनिवारी त्याचं 'वासलात' नावाचं सदर येतं. अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत त्याने सासूसुनांच्या मालिका झोडल्या, देवादिकांच्या झोडल्या, ऐतिहासिक मालिकांना तर कोपऱ्यात घेऊन धोपटलं. एका कौटुंबिक मालिकेबद्दल त्याने लिहिलं होतं की हिच्यात खरा अभिनय फक्त भिंतीवरच्या पालीने केला आहे, आणि तिलाही दुसऱ्या भागानंतर काम मिळालेलं नाही. रत्नागिरीत लोक ते वाक्य महिनाभर एकमेकांना ऐकवत होते. त्या मालिकेचं नाव आज कोणाला आठवत नाही, पाल आठवते.

'दर्याकाठ'चा संपादक, वार्ताहर, जाहिराती गोळा करणारा आणि गठ्ठे बांधणारा हे सगळं मिळून एकच माणूस आहे, संदेश शिवलकर. वय पस्तीस. लोक आपलं साप्ताहिक मागच्या पानापासून उघडतात हे त्याने कधीच ओळखलं होतं. त्यामुळे पुढच्या पानावरच्या आमदारांच्या भाषणाला तो खुशाल कात्री लावतो, लवूच्या मजकुरातला स्वल्पविरामही हलवत नाही.

लवूला ही खोड कुठून लागली ते कळायला त्याची नोकरी सांगावी लागेल. तो बंदर खात्यात होता. धक्क्याजवळ पाण्यात फूट आणि इंच रंगवलेला एक खांब असे. दर तासाला पाणी त्या खांबावर कुठवर चढलं किंवा उतरलं ते बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच काम. एकतीस वर्षं लवूने ते केलं. दुसरा कोणी असता तर कंटाळून दारूला लागला असता. लवूला उलट असं वाटू लागलं की समुद्र वेळेवर येतो तो आपण वहीत लिहितो म्हणून. समुद्र चुकत नाही, आपण चुकत नाही, मग उरलेलं जग एवढं का चुकतं, हा प्रश्न त्याला तेव्हापासून पडलेला आहे. निवृत्त झाल्यावर समुद्र हाताशी राहिला नाही, टीव्ही होता.

आणि त्याचा तो हिशेब. किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या माणसाला तो येतो. दिवसाची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. पोराटोरांना ठाऊक असलेली ही गोष्ट लवू मात्र वाडवडिलांनी फक्त त्याच्या कानात सांगितल्यासारखी बोलायचा. तिथी बघायला तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मानही वळवत नसे. बोटांवर अमावास्येपासून मोजायचा आणि उत्तर द्यायचा. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं असं कोणी म्हटलं की त्याचं नाक वर जाई. मोबाइलला रत्नागिरीचा समुद्र माहीत आहे काय, असं तो विचारायचा.

या माणसाला मित्र असणं कठीण. पण एक होता, चाळीस वर्षं होता. राजिवड्याचा मजीद होडेकर. मजीद परदेशी जहाजांवर सुकाणी होता. दहा महिने दर्यावर, दोन महिने घरी. घरी असला की संध्याकाळी दोघे मांडवीच्या धक्क्यावर बसलेले असत. लवू बोलायचा, मजीद ऐकायचा. मजीदने अर्धं जग पाहिलं होतं आणि त्याबद्दल तो चार वाक्यं बोलायचा. लवू मुंबईपलीकडे गेला नव्हता आणि त्याच्या बोलण्याला खळ नव्हता. सणासुदीला मजीदच्या घरून सांदणं येत, लवूच्या घरून मोदक जात.

हे सगळं पाच वर्षांपूर्वी बंद पडलं. मजीदचा मुलगा अद्नान आखातातून कायमचा परत आला होता आणि त्याने मासेमारीची बोट घेतली होती. नारळी पौर्णिमेनंतर दोनच आठवड्यांनी अमावास्या झाली, आणि तिच्यापुढे काही दिवसांनी तो बोट घेऊन परत येत होता. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते, पाणी पुरेसं चढल्याशिवाय बोट आत घेता येत नाही. अद्नानने दर्यावरून लवूकाकांना फोन लावला. मोबाइल भरती सव्वापाचला दाखवतोय, असं तो म्हणाला. बोटीवरचा म्हातारा तांडेलही थांबू या म्हणत होता. लवूने बोटं मोजली. आज षष्ठी, सहाची पाऊणपट साडेचार, तीनला बोट आत घे, असं त्याने ठणकावून सांगितलं. अद्नानने तीनला बोट आत घातली आणि ती वाळूत रुतली. पंखा वाकला, सुकाणू मोडलं, लाटांनी बोट आडवी केली. माणसं वाचली, ती पोहता येत होतं म्हणून.

संध्याकाळी धक्क्यावर चाळीसेक माणसं जमली होती. मजीद फक्त एवढंच म्हणाला की लवू, वेळ चुकली. तेव्हा लवूने त्या चाळीस माणसांसमोर उत्तर दिलं की वेळ चुकलेली नाही, होडेकरांना बोट हाकता येत नाही.  घरी जाऊन लवूने प्रथमच कॅलेंडर पाहिलं. त्या पंधरवड्यात पंचमीचा क्षय होता. एक तिथी गळाली होती. आज षष्ठी नव्हती, सप्तमी होती, भरती सव्वापाचला होती. मोबाइल बरोबर होता, तांडेल बरोबर होता. लवूने कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं आणि जेवायला बसला. पाच वर्षांत त्याने हे कोणाला सांगितलेलं नाही. मजीद धक्क्यावर यायचा बंद झाला. मजीदने आपल्याशी पुन्हा बोलावं, एवढी एकच गोष्ट लवूला जगात हवी होती, आणि ती मिळवण्यासाठी जे एक वाक्य म्हणावं लागलं असतं तेवढं सोडून बाकी सगळं तो दर शनिवारी लिहीत होता.

मधल्या काळात लोकांची आवड बदलली. रत्नागिरीतल्या बायका कोरियाच्या मालिका बघू लागल्या. लवूची बायको मथुरा त्यात पुढे होती. मुंबईतल्या मुलाने टीव्हीवर काहीतरी जोडून दिलं होतं, त्यावर हिंदीतून बोलणारी कोरियन माणसं दिसत. दुपारी काम आटोपलं की मथुरेला त्या मालिका लागत. संदेशच्याही हे कानावर आलं. सध्या सगळे एकच मालिका बघतायत, काळात मागे जाण्याची, रहस्याची, सोळा भागांची, तिची वासलात लावा, असं तो घरी येऊन सांगून गेला. लवूने आढेवेढे घेतले. परदेशी मालिका झोडण्यात मजा काय, त्यांना आपलं वाचता कुठे येतं. पण त्याच दुपारी तो वही-पेन घेऊन मथुरेच्या शेजारी बसला.

मालिका अशी होती. एका किनाऱ्यावरच्या गावात एक पोलीस अधिकारी असतो. सतरा वर्षांपूर्वी त्याची थोरली बहीण नाहीशी झालेली असते. गावासमोर समुद्रात एक खडकाळ बेट असतं, आणि ओहोटी खूप खाली गेली की बेटाकडे जाणारी दगडांची वाट उघडी पडते. त्या वाटेने बेटावर गेलं की माणूस सतरा वर्षं मागे जातो. पाणी चढायच्या आत परतला नाही तर तिकडेच अडकतो. कोरियन नावं लवूच्या तोंडात बसेनात, म्हणून त्याने सगळ्यांचं बारसं नव्याने केलं. तो पोलीस झाला कोटवाला, कारण तो समुद्रातसुद्धा कोट काढत नव्हता. त्याला मदत करणारी डॉक्टर झाली छत्रीवाली. आणि ज्याच्यावर सगळ्यांचा संशय होता तो सभ्य गृहस्थ झाला दातेकर, कारण तो हसला की पडदा भरायचा.

पहिल्या भागापासून लवूचं पेन सुरू झालं. कोटवाला सतरा वर्षं मागे जातो आणि पहिलं काम काय करतो, तर एका टपरीवर बसून शेवया खातो. बहीण संकटात आहे आणि हा वाटी तोंडाला लावून रस्सा पितोय. सतरा वर्षांपूर्वीच्या गावात सगळ्यांच्या गाड्या जुन्या, फोन जुने, पण छत्रीवालीचे केस तेच. पोलीस असून कोणाचा जबाब लिहून घेत नाही, नुसता पावसात उभा राहतो. पावसाळा आहे की हिवाळा ते दिग्दर्शकाने ठरवलेलं नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी कोणीतरी दार उघडतं, दारामागे कोण आहे ते दाखवायच्या आधी नावं सुरू होतात, आणि पुढच्या भागात दारामागे मांजर निघतं. तीन मांजरं झाली, असं लवूने वहीत लिहिलं.

मथुरा हे ऐकत ऐकत मालिका बघत होती आणि मधूनमधून पदराने डोळे पुसत होती. लवूला त्या रडण्याचाही राग येई. खोट्या माणसांसाठी खरं पाणी कशाला घालवायचं. आणि मुळात गेलेली गोष्ट परत फिरवता येते असं लोकांना दाखवणं ही शुद्ध फसवणूक आहे, असं तो म्हणाला. झालं ते झालं, माणसाने पुढे बघावं. मथुरेने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, की तुम्हाला एकदा त्या वाटेने जायला मिळालं तर कुठल्या दिवशी जाल. लवू म्हणाला, गॅस बंद केलास का बघ. ती उठली नाही. गॅस बंदच होता.

पाचव्या भागात लवूचं नशीब उघडलं. गावातली एक म्हातारी कोटवाल्याला वाटेचं गुपित सांगते. ती वाट फक्त पौर्णिमेला उघडते, आणि तीही भर दुपारी. लगेच पुढच्या दृश्यात रात्रीचा पूर्ण चंद्र, मग सकाळ, मग दुपारचं ऊन, समुद्र मागे हटतोय, दगड उघडे पडतायत, संगीत, कोट. मथुरेचा श्वास अडकला होता. लवू ताडकन उठून टीव्हीसमोर आडवा उभा राहिला. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी समुद्र पुरता भरलेला असणार. ओहोटी संध्याकाळी. दुपारी तिथे वाट उघडणं कालत्रयी शक्य नाही. ज्या एका गोष्टीवर सोळा भाग उभे आहेत तीच खोटी. मथुरा म्हणाली, बाजूला व्हा, दिसत नाय. उरलेले अकरा भाग बघायची आता गरजच नाही, असं जाहीर करून लवू आत लिहायला गेला. ती बघत राहिली.

त्या शनिवारची 'वासलात' अकरा वर्षांतली सर्वांत तिखट होती. "या मालिकेवर कोरियातल्या लोकांनी किती पैसे उधळले ते मला माहीत नाही," असं त्यात होतं, "पण त्यातले थोडे वाचवून त्यांनी मिरकरवाड्यातल्या एखाद्या मासे विकणाऱ्या बाईला विचारलं असतं, तर पौर्णिमेला दुपारी भरती असते हे तिने टोपली न उतरवता सांगितलं असतं. नायक काळात सतरा वर्षं मागे जातो म्हणे. आधी त्याने समुद्र सहा तास मागे नेलाय त्याचं काय. ज्यांना आपल्या दारातला समुद्र कळत नाही ते काळाच्या गोष्टी सांगतायत. प्रेक्षकहो, ही वाट तुमच्यासाठी उघडलेली नाही. तिच्यावर पाऊल टाकाल तर बुडाल."

मजकूर गाजला. कोणीतरी पानाचा फोटो काढला आणि तो सावंतवाडीपासून दुबईपर्यंत फिरला. केस कापणाऱ्याने लवूकडून पैसे घेतले नाहीत. मासळीबाजारात बायका त्याला बोलावून बोलावून म्हणाल्या, काका, आमचं नाव काढलंत. कोरियाला रत्नागिरीने धडा शिकवला, असं हापूस आंब्याइतक्याच अभिमानाने बोललं जाऊ लागलं. एका वाचनालयाने रविवारी त्याचं व्याख्यान ठेवलं, विषय 'अचूकतेचा ध्यास'. लवूने इस्त्रीला सदरा टाकला. त्या आठवड्यात तो धक्क्यावरून चालला की छाती त्याच्या अर्धा पाऊल पुढे असे.

मंगळवारी संदेश घरी आला. त्याच्या खिशात एक पत्र होतं. ते त्याने लवूला दिलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसला. अक्षर लवूला पाकिटावरूनच ओळखता आलं. चाळीस वर्षं निरनिराळ्या बंदरांवरून त्याच अक्षरातली कार्डं त्याला येत होती.

"संपादकांस," पत्रात होतं. "माझी मुलगी झोया ही मालिका बघते. तिने मला लवू नागवेकर यांचा लेख वाचून दाखवला. कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर मी जहाजाने सहा वेळा गेलो आहे. तिथे पौर्णिमेला भरती संध्याकाळी पाचच्या सुमारास असते आणि दुपारी ओहोटी असते. पाणी तीस फूट चढतं-उतरतं. जहाज धक्क्याला लावायचं तर मोठे दरवाजे बंद करून पाणी अडवावं लागतं. मालिकेत दाखवलं ते बरोबर आहे. पाऊणपटीचा हिशेब आपल्या किनाऱ्याचा आहे, सगळ्या जगाचा नाही. मजीद होडेकर, राजिवडा."

लवूने पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाला, याला काय कळतं, हा सुकाणी. पण आवाज नेहमीचा नव्हता. संदेशने घसा खाकरून सुचवलं, की रविवारी व्याख्यान आहे, पत्रं काय गहाळ होतातच, एखादं झालं तर कोणी विचारणार नाही. तो लवूच्या भल्यासाठीच सांगत होता, आणि आपल्या साप्ताहिकाच्याही. लवूने मान डोलावली नाही, हलवलीही नाही. संदेश चहा पिऊन पत्र टेबलावर ठेवून गेला. ते काय करायचं ते तुम्ही ठरवा, असा त्याचा अर्थ होता.

मथुरा आतून आली आणि तिने पत्र उचलून वाचलं. तिला वाचायला वेळ लागतो. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "पाच वर्षांनी त्या माणसाने तुमचं नाव लिहिलंय."

लवूने तिच्याकडे पाहिलं. मग आयुष्यात प्रथमच त्याने तिचा मोबाइल मागितला आणि त्यावर कोरियाच्या पश्चिम किनाऱ्याची भरती-ओहोटी कशी बघायची ते विचारलं. तिने काढून दिली. गेल्या पौर्णिमेची ओहोटी दुपारी बाराला वीस मिनिटं कमी असताना होती. लवूने आधीच्या पौर्णिमेची बघितली, तिच्या आधीची बघितली. सगळ्या दुपारच्या. रत्नागिरीतून एका माणसाने बोटं मोजून सांगितलं म्हणून तिथला समुद्र काही हलला नव्हता.

बुधवारचा अख्खा दिवस त्याने चूकदुरुस्ती लिहिण्यात घालवला. दुसऱ्याच्या चुकांवर हजार शब्द तासाभरात पाडणाऱ्या माणसाला स्वतःच्या चुकीवर दहा ओळी लिहायला सकाळ-संध्याकाळ पुरली नाही. आधीच्या खर्ड्यांत मालिकाच जास्त शिव्या खात होती. ते त्याने फाडले. शेवटी उरल्या त्या ओळी सरळ होत्या. कोरियाच्या ओहोटीबद्दल मी लिहिलं ते चूक आहे, मजीद होडेकर यांचं बरोबर आहे. आणि पुढे, कोणी मागितलं नसताना, त्याने लिहिलं की पाच वर्षांपूर्वी अद्नान होडेकरची बोट वाळूत गेली तीही माझ्यामुळे, त्या पंधरवड्यात क्षयतिथी होती, मी ती मोजली नव्हती, आणि हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. व्याख्यानवाल्यांना त्याने फोन करून रविवार रद्द केला. कारण विचारल्यावर विषय चुकला म्हणाला.

गुरुवारी दुपारी तो कागद खिशात घालून राजिवड्याला गेला. छापण्याआधी मजीदने वाचावा, असं त्याच्या मनात होतं. खरं तर मजीद तो वाचेल, त्याला मिठी मारेल आणि पाच वर्षं भरून निघतील, असं त्याच्या मनात होतं. कोटवाल्याला तो हसला होता, पण खिशात कागद घेऊन स्वतःही तशाच वाटेने निघाला होता.

मजीद घराबाहेरच्या बाकावर बसला होता. केस पुरते पांढरे झाले होते. त्याने लवूला पाहिलं, बस म्हणाला नाही, जा असंही म्हणाला नाही. लवूने कागद पुढे केला. मजीदने चष्मा लावून तो सावकाश वाचला. मग कागद गुडघ्यावर ठेवून त्याने विचारलं, की शेवटी तो बहिणीला वाचवतो काय. लवूला प्रश्न कळायला क्षण लागला. मग त्याला कबूल करावं लागलं की त्याने पाचच भाग बघितलेत. आत झोया हसली तेवढं ऐकू आलं. मजीद हसला नाही. त्याने कागदाची नीट घडी घातली आणि ती लवूच्या हातात परत दिली.

"हे छाप नायतर नको छापू," तो म्हणाला. "बोट तीन आठवड्यांत दुरुस्त होऊन पाण्यात गेली. अद्नान विसरला पण. बोटीसाठी माणूस पाच वर्षं तोंड फिरवत नाय, लवू."

लवू उभाच होता.

"साबेरा गेली तेव्हा तू आला नाहीस."

त्या दिवसाबद्दल लवू कोणापाशी बोलत नाही, म्हणून आत्तापर्यंत ते इथे आलं नव्हतं. बोट रुतल्याला सात महिने झाले होते. मजीदची बायको साबेरा सकाळी गेली. कळल्यावर लवू सदरा घालून निघाला होता. राजिवड्याच्या उतारापर्यंत आला होता. मशिदीकडे जाणारी माणसं त्याला वरून दिसली, आणि त्यांत धक्क्यावरची ती चाळीस तोंडं दिसली. तिथून तो मागे फिरला. घरी येऊन पित्त झालंय म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. सदरासुद्धा काढला नव्हता. नंतर भेटायला जाऊ असं त्याने ठरवलं, मग दहावा दिवस गेला, चाळिसावा गेला, आणि नंतर जायला तोंड राहिलं नाही. साबेराने त्याला तीस वर्षं जेवू घातलं होतं.

इतकी वर्षं आपण मजीदला एका तिथीचं देणं लागतो असं लवू समजत होता. सगळा जाच त्याने त्या पाऊण तासाभोवती बांधून ठेवला होता, कारण पाऊण तास मोजता येत होता. त्याला आता बरीच कारणं सुचली. एकही बोलावंसं वाटलं नाही.

"मला लाज वाटली," तो म्हणाला. "ज्यांच्यासमोर तुला बोललो ते सगळे तिथे असणार होते."

"होते," मजीद म्हणाला. "सगळे होते. दुपारची नमाज झाली, लोक म्हणाले चला आता, जनाजा उचला. मी दहा मिनिटं थांबवून धरलं त्यांना. म्हटलं, लवू येतोय."

खाली खाडीत एक बोट इंजिन सुरू करत होती.  लवूचे डोळे भरले आणि त्याने ते पुसले नाहीत. मजीद त्याच्याकडे बघत नव्हता. त्याने झोयाला पाणी आणायला सांगितलं. तिने तांब्या आणि पेला आणून बाकावर ठेवला. लवू उभ्यानेच पाणी प्यायला. मग मजीद म्हणाला, की उद्या जुम्मा, नमाज झाली की तो तिच्या कबरीवर जातो, दर जुम्म्याला जातो. ये असं तो म्हणाला नाही. लवूने पेला ठेवला आणि निघाला. वाटेत संदेशकडे थांबून त्याने कागद दिला आणि एकही शब्द न कापता छाप म्हणून सांगितलं. वाचक नाराज होतील, असं संदेश म्हणत होता. ते पुढे झालेही.

शुक्रवारी नमाज सुटायच्या कितीतरी आधी लवू कबरस्तानच्या फाटकाशी उन्हात उभा होता. नमाज झाली, माणसं बाहेर पडली, त्यांतली काही त्याच्याकडे बघत गेली. धक्क्यावरची तोंडं त्यांत होती. लवू हलला नाही. शेवटी मजीद आला. त्याने लवूला पाहिलं आणि तो आत गेला. लवू चपला काढून त्याच्या मागे गेला. आंब्याच्या झाडाखाली एका कबरीपाशी मजीद थांबला, तेव्हा लवूला कळलं की हीच.

"भाभी," तो म्हणाला, "मी उशिरा आलो."

 मजीद थोडा बाजूला सरकला आणि त्याने लवूला सावलीत उभं राहायला जागा करून दिली.